गिरगावातली आठवड्याने मिळणारी कॉट: नोकरी शोधायला मुंबईत येणाऱ्या मुलींसाठी

"सध्या मुंबईतच आहात ना?"

सोलापुरात बसून मुंबईतल्या नोकऱ्यांसाठी अर्ज करत होते, तेव्हा सात महिन्यांत हा प्रश्न मला एकोणीस वेळा विचारला गेला. वहीत लिहून ठेवलंय. "नाही, सोलापूरला असते, पण बोलावलंत तर येईन" असं म्हटलं की पलीकडचा आवाज बदलायचा. "बरं, कळवतो." एकोणीसपैकी पंधरा फोन तिथेच संपले. माझं शिक्षण काय, चार वर्षं मी काय काम केलं, तिथपर्यंत बोलणं गेलंच नाही.

म्हणून गिरगावातल्या या कॉटबद्दल, म्हणजे एका घरातल्या सामाइक खोलीत आठवड्याच्या भाड्याने मिळणाऱ्या खाटेबद्दल, सविस्तर लिहिते आहे. दिवाळीनंतर मी तिथे राहायला गेले आणि पाच आठवड्यांत नोकरी लागली. नोकरी कॉटमुळे लागली असं म्हणणार नाही, पण ती कॉट नसती तर त्या मुलाखतीला मी पोहोचलेच नसते, हे नक्की.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं करत होते. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिलासाठी (कस्टम्सला द्यायच्या निर्यातीच्या कागदासाठी) एजंटला पाठवायची माहिती, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीचा) मसुदा तपासणं, बँकेत द्यायचे कागद. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. माल आमच्या गावचा, पण तो बोटीवर चढतो न्हावाशेव्याच्या बंदरात, आणि त्या कागदांच्या पुढच्या पायरीच्या नोकऱ्या आहेत फोर्टजवळच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये, विमानतळाच्या सहार कार्गोजवळ आणि बेलापूरला. कारखान्यात पुढे जायला जागा नव्हती, म्हणून मुंबई.

आता बाहेरगावच्या माणसाची खरी अडचण कुठे आहे ते सांगते. मुलाखतीचा फोन येतो दुपारी चार-पाचला, आणि बोलावतात दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. आमची सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री निघते आणि सकाळी लवकर सीएसएमटीला पोहोचवते, म्हणजे कागदावर सगळं जमतं. पण तत्काळचं आरक्षण आदल्या दिवशी उघडतं, एसीचं सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला. चार वाजता फोन आला की आज रात्रीचं तत्काळ कालच संपलेलं असतं. 10 फेब्रुवारी 2023 पासून वंदे भारत सुरू झाली, चांगली गाडी आहे, पण ती सकाळी सहाच्या सुमाराला सोलापूर सोडते आणि मुंबईत येते तेव्हा दुपारचे साडेबारा वाजून गेलेले असतात. अकराच्या मुलाखतीला तिचा उपयोग नाही. उरतो जनरल डबा. दोनदा तशी आले. रात्रभर दारापाशी बॅगेवर बसून, सकाळी स्टेशनच्या प्रतीक्षालयात तोंड धुऊन, साडी नको म्हणून पंजाबी ड्रेस, तोही चुरगळलेला. पहिल्या वेळी मुलाखत झाली. दुसऱ्या वेळी अडीच तास बसवून ठेवल्यावर "साहेब आज नाहीत, उद्या तीनला या" असं सांगितलं. परतीचं तिकीट त्याच रात्रीचं होतं आणि पर्समध्ये नऊशे रुपये. मी परत गेले. त्या जागेवर तीनला कोण गेलं असेल, हा विचार कितीतरी दिवस डोक्यातून जात नव्हता.

तुम्ही म्हणाल, नातेवाईक नाहीत का? आहेत. मावशी बदलापूरला. तिच्याकडे आठ दिवस राहिले. तिने काही कमी केलं नाही, पण घर वन रूम किचन, मावसभाऊ बारावीला, काका रात्रपाळीचे. सकाळी सहाला माझ्या इस्त्रीसाठी दिवा लावायचा म्हणजे चौघांची झोपमोड. आणि बदलापूरहून फोर्टला सकाळच्या गर्दीत लटकत जाऊन ताज्या चेहऱ्याने बोलायचं, हे मला जमलं नाही.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत चौकशी केली. दोन ठिकाणी पहिलाच कागद मागितला तो नोकरीच्या नेमणुकीच्या पत्राचा. त्या पत्रासाठीच तर मी वणवण करत होते. भाड्याची खोली घ्यायची तर अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी, अनामत, एजंटचं एक महिन्याचं भाडं. महिनाभरात नोकरी लागेल की नाही हे ठाऊक नसलेल्या मुलीने अकरा महिन्यांची सही कशी करायची? एका लॉजमध्ये एकच रात्र काढली. कडी नीट लागत नव्हती, झोप लागली नाही, एवढं सांगून पुढे जाते.

कॉटचा पत्ता मिळाला तो आमच्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकारी ताईकडून. तिची बहीण तिथे राहून गेली होती. ठाकूरद्वारच्या बाजूला एका जुन्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. मालकीण काकू सत्तरीच्या, मूळच्या कोकणातल्या. आतल्या खोलीत चार कॉट, बाहेरच्या खोलीत स्वयंपाकघर आणि काकू. दारावर पाटी नाही. "तू लिही हवं तर, पण माझं नाव आणि नंबर नको गो, चार कॉटींना चारशे फोन येतील," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून देत नाही. पण असं घर पारखायचं कसं, ते या घरावरून कळेल.

भाडं दिवसाला 400, आठवड्याला 2,200. त्यात सकाळचा चहा आणि नाश्ता. रात्रीचं जेवण हवं असेल तर सकाळीच सांगायचं, 90 रुपये. अनामत नाही, पण एक आठवडा आगाऊ. आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो आणि घरच्यांचा नंबर लागतो, कारण राहायला आलेल्यांची माहिती त्या पोलीस ठाण्यात देतात. मला हे आवडलं. ज्या घरी काहीच कागद मागत नाहीत तिथे मी राहणार नाही.

पहिल्या दिवशी मी सीएसएमटीहून सात वाजता फोन केला तर म्हणाल्या, "सरळ ये, दार उघडं आहे." याआधी मी ज्या तीन ठिकाणी विचारलं होतं तिथे सगळीकडे "बारानंतर या" असं उत्तर मिळालं होतं. रात्रीच्या गाडीने येणाऱ्याला सकाळी सात ते बारा हे पाच तास काढायला मुंबईत जागा नसते. त्याच वेळेत आंघोळ करायची असते, कपडे बदलायचे असतात आणि मुलाखतीलाही पोहोचायचं असतं. काकूंना हे न सांगता कळत होतं.

खोलीबद्दल. कॉट लोखंडी, गादी कापसाची, मधोमध थोडी बसलेली. प्रत्येकीला भिंतीतलं एक कपाट, कुलूप आपलं आणायचं. खिडकी गॅलरीकडे उघडते, उजेड भरपूर. खिडकीशेजारी मोठा आरसा टांगला आहे, दिवसाच्या उजेडात चेहरा आणि कपडे नीट दिसतात. आणि बाहेरच्या खोलीत, काकूंच्या देवघराजवळ, इस्त्रीचं टेबल कायम मांडलेलं. घडी करून आत ठेवलेलं नाही, मांडलेलं. इस्त्रीला वेगळे पैसे नाहीत. नोकरी शोधणाऱ्या मुलीला रोज सकाळी काय लागतं याचा इतका नेमका विचार मी दुसऱ्या कुठल्याच जागेत पाहिला नाही.

वायफाय आहे, संध्याकाळी सात ते नऊ मंद पडतं. ऑनलाइन मुलाखत असेल तर काकू बाहेरची खोली देतात आणि स्वतः गॅलरीत शेजारणीजवळ जाऊन बसतात. माझी अशी एक मुलाखत चाळीस मिनिटं चालली. त्यांची दुपारच्या चहाची वेळ टळून गेली होती, तरी त्या आत आल्या नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी बायोडाटातला पत्ता बदलला. वर कायमचा पत्ता सोलापूरचा ठेवला, खाली लिहिलं: सध्या मुक्काम गिरगाव, मुंबई 400004. खोटं काही नव्हतं, मी तिथेच झोपत होते. नोकरीच्या ॲपवर जिथे सध्याचं शहर विचारतात तिथेही मुंबई भरलं. पुढच्या नऊ दिवसांत सहा फोन आले. बायोडाटात दुसरा एक शब्दही बदललेला नव्हता. ही गोष्ट मला अजून टोचते, पण कामाची आहे म्हणून सांगते.

जागा गिरगावात असण्याचा फायदा पुढे कळत गेला. बॅलार्ड इस्टेट आणि फोर्ट जवळ, बेलापूरला जायचं तर सीएसएमटीहून हार्बर. आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मेट्रो 3 कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून गिरगाव स्टेशन हाताशी आलंय. सहार रोडला मुलाखत होती, तिथे गिरगावहून एकाच गाडीत, बसून, घाम न येता पोहोचले. लोकलपेक्षा तिकीट महाग आहे, रोजच्या नोकरीला मी तसा प्रवास करणार नाही, पण मुलाखतीच्या दिवशी ते पैसे घालावेत असं माझं मत आहे. इस्त्रीचे कपडे इस्त्रीचेच राहतात.

काकूंचे यजमान गोदीत कामाला होते. त्यामुळे बॅलार्ड इस्टेट त्यांना तोंडपाठ. तिथल्या दगडी इमारती एका धाटणीच्या आहेत, जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यावरून उभ्या राहिलेल्या, आणि नवख्या माणसाला एक गल्ली दुसरीसारखीच दिसते. पहिल्या वेळी मी दोन चकरा मारून चुकीच्या दारात शिरले होते. रात्री काकूंना सांगितलं तर त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने नकाशा काढून दिला. ग्रीन गेट कुठे, कस्टम हाउस कुठे, टपरी कुठे. "इमारतीत शिरलीस की आधी खालचा नावांचा फलक वाच, मग लिफ्टकडे जा. विचारत बसू नको, वेळ जातो." तो कागद अजून माझ्याकडे आहे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री त्या विचारायच्या, "कितीला पोहोचायचं?" मग उलटं मोजायच्या. साडेदहाला पोहोचायचं, म्हणजे पावणेदहाला निघायचं, सव्वानऊला नाश्ता, साडेसातला आंघोळ आणि संडास, कारण आठनंतर रांग. त्यांनी ठरवून दिलेली वेळ एकदाही चुकली नाही.

दोन मुलाखतींच्या मधला वेळ कुठे काढायचा, हा बाहेरगावच्यांचा मोठा प्रश्न. हॉटेलात बसलं की खर्च. मी हॉर्निमन सर्कलच्या बागेत बसायचे. समोर एशियाटिक सोसायटीची इमारत, सावली, बाक. काकूंनी दिलेल्या दोन पोळ्या आणि आईने पाठवलेली शेंगाचटणी तिथेच खाल्ली आहे, कितीदा तरी.

आता उणिवा, कारण त्याही खऱ्या आहेत.

संडास सामाइक, गॅलरीच्या टोकाला. स्वच्छ असतो, पण रात्री जाताना दिवा लागतोच असं नाही, टॉर्च ठेवा. नळाला पाणी पहाटे येतं, नंतर पिंपातलं वापरायचं, आंघोळीला दोन बादल्या. केस धुवायचे असतील तर सहाच्या आत उठा. चार कॉटींना चार्जिंगचे तीनच प्लग आहेत. मी हे काकूंना तीनदा सांगितलं, वायरमनला बोलावते म्हणाल्या, मी असेपर्यंत तो आला नव्हता. रात्री दहाला दार बंद. उशीर होणार असेल तर नऊच्या आत फोन करायचा, नाही केला तर दुसऱ्या दिवशी त्या बोलत नाहीत, आणि तो अबोला ओरडण्यापेक्षा जड जातो. मासे घरात शिजतात, वास सहन होत नसेल तर अडचण होईल. जिना लाकडी, अरुंद आणि उंच पायऱ्यांचा. जड बॅग आणू नका.

आणि एक तक्रार जरा मोठी. काकू मुलाखतीहून आल्या आल्या "काय झालं?" विचारतात. चांगलं झालं असेल तर बरं वाटतं. पण चौथ्या आठवड्यात, लागोपाठ दोन नकार आल्यावर, मला तो प्रश्न नको झाला होता. मी चिडून उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण बाकीच्या मुलींना विचारत राहिल्या. ज्यांना अशा वेळी एकटं राहावंसं वाटतं त्यांनी हे आधीच सांगून ठेवावं.

त्याच आठवड्यात एका प्लेसमेंटवाल्याने नोंदणीचे तीन हजार मागितले. "बाहेरगावच्या उमेदवारांसाठी खास" म्हणे. पैसे काढायला निघाले होते. शेजारच्या कॉटवर जालन्याची एक मुलगी होती, लॅब टेक्निशियन, परळच्या रुग्णालयांत फेऱ्या मारत होती. तिने अशाच एका ठिकाणी पाच हजार घालवले होते. तिने माझ्या हातातलं कार्ड काढून घेतलं. चांगला कन्सल्टंट पैसे कंपनीकडून घेतो, उमेदवाराकडून नाही, हे तिने मला त्या रात्री समजावलं. चार कॉटींच्या खोलीचा हाही एक उपयोग. एकटी लॉजवर असते तर दुसऱ्या दिवशी ते पैसे गेले असते.

मला ज्यामुळे नोकरी मिळाली तो फोन आला गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला. बॅलार्ड इस्टेटमधली एक कस्टम ब्रोकर कंपनी, म्हणजे आयात-निर्यातीच्या मालाचं कस्टम्समधलं काम करून देणारी. "सध्या मुंबईतच आहात ना?"

"हो, गिरगावात."

"उद्या सकाळी दहाला येऊ शकाल?"

"येते."

इतकंच. तो फोन मला सोलापुरात आला असता तर त्या रात्रीच्या गाडीत मला जागा नव्हती. सकाळी दहाला पाच कमी असताना मी खालचा नावांचा फलक वाचत उभी होते. त्यांनी बोलण्याआधी एक चाचणी दिली: एका ऑर्डरवरून इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बनवा. माल होता सुती टेरी टॉवेल. 6302 60 हा त्याचा कस्टम्सच्या वर्गीकरणातला क्रमांक मला झोपेतही सांगता येतो. नमुन्याच्या कागदात मालाचं निव्वळ वजन आणि एकूण वजन खोक्यांच्या संख्येशी जुळत नव्हतं, ते मी दाखवून दिलं. किंमत एफओबी, म्हणजे माल बोटीवर चढेपर्यंतचीच, विमा सोडून, असं लिहून खाली विम्याची रक्कम धरली होती, तेही. समोरच्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हणाले, "अक्कलकोट रोडला." मंगळवारी पत्र आलं.

रात्री काकूंना पेढे दिले. त्यांनी एक देवापुढे ठेवला आणि लगेच नियम सांगितला: नोकरी लागली की पहिल्या पगारापर्यंतच राहायचं, नंतर कॉट सोडायची. ती शोधणाऱ्यांसाठी आहे. तेव्हा थोडं वाईट वाटलं. मला अजून सहा महिने तिथेच राहायला आवडलं असतं. पण त्यांचा तो नियम नसता तर मी आले त्या सकाळीही चारही कॉट भरलेल्या असत्या. पगार झाला त्या रविवारी मी डोंबिवलीला दोघींबरोबर खोली घेतली.

पाचपैकी साडेचार. अर्धा कमी प्लगांसाठी.

अशी घरं गिरगावात आहेत, दादरला आहेत, पार्ल्यातही आहेत, पण ती जाहिरातीत सापडत नाहीत. गावातली कोणती मुलगी आधी मुंबईला राहून आली आहे ते शोधा आणि तिला विचारा. नंबर मिळाला की भाड्याआधी तीन गोष्टी विचारा: आठवड्याने राहता येतं का, रात्रीच्या गाडीने आले तर सकाळी सातला दार उघडाल का, आणि तुमचा पत्ता बायोडाटावर लिहिला तर चालेल का. तिसऱ्याला जी मालकीण बिचकेल तिथे जाऊ नका. काकू म्हणाल्या होत्या, "लिही की. कुणी चौकशीला आलं तर मी आहे घरी."